फलाटाखालचं टेबल

राहीबाईला कुणी विचारलं, धाकटा काय करतो हल्ली, की तिचं उत्तर तयार असायचं. "गोदाम बघतो." भिवंडीजवळच्या काल्हेरात एवढं उत्तर कुणालाही पुरतं. निम्मं गाव गोदाम बघतं आणि उरलेलं निम्मं गोदामाच्या भाड्याकडे बघतं, त्यामुळे पुढचा प्रश्न येत नाही. चहा येतो, विषय बदलतो. अडचण एवढीच होती की केसरीनाथने गोदामातली नोकरी सोडून एकोणीस वर्षं झाली होती. तो पूलचा, म्हणजे बिलियर्ड्सच्या जातीच्या टेबलावरच्या खेळाचा, क्लब चालवत होता, आणि तोही आईच्या मागच्या ओट्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. घरामागच्या गाळ्यात दोन टेबलं, भिंतीला लावलेल्या काठ्या, एक पंखा आणि एक कुलर. राहीबाईने त्या गाळ्यात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

आता हा माणूस या नादाला लागला कसा, ते सांगायलाच हवं. केसरीनाथ तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होता. परदेशातून एक टेबल आलं. लाकडाच्या तीन पेट्या, आत जाड दगडाचे तीन तुकडे, कारण या टेबलाचा पृष्ठभाग लाकडाचा नसतो, पाटीच्या दगडाचा असतो आणि त्यावर हिरवं कापड ताणतात. उतरवताना एका तुकड्याचा कोपरा उडाला. ज्याने मागवलं होतं त्याने माल घ्यायला साफ नकार दिला. पेट्या दोन वर्षं गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहिल्या, हमाल त्यावर बसून डबे खायला लागले. शेवटी मालकाने केसरीनाथला सांगितलं, ही धोंड घेऊन जा एकदाची.

केसरीनाथने ती धोंड घरी आणली. मदतीला शेलार गावचा वाल्मीक आला. वाल्मीक लूमच्या मोटारी दुरुस्त करायचा, बोलायला कमी आणि हाताला पक्का. दोघांनी मिळून उडालेला कोपरा भरला, दगड जोडले, फटीत मेण ओतलं. कापडाचं मात्र गाडं अडलं. ज्या भिवंडीत दिवसरात्र शटल खटखटतात आणि अर्ध्या देशाला कापड जातं, त्या भिवंडीत या टेबलाचं कापड कुणाकडे मिळेना. एका लूमवाल्याने हौसेने हिरवं कापड विणून दिलं, पण त्यावर बॉल दोन वीत जाऊन दमायचा. शेवटी ते बाहेरून मागवावं लागलं. पहिला बॉल सरळ जाऊन खड्ड्यात पडला तेव्हा वाल्मीक म्हणाला, बरं आहे. वाल्मीकच्या तोंडून एवढं आलं म्हणजे फार झालं. केसरीनाथने महिन्याभरात नोकरी सोडली.

तेव्हापासून दोघे रोज संध्याकाळी एक डाव खेळत आले. केसरीनाथ पुढे जिल्ह्यात खेळला, दोनदा राज्यातही खेळून आला. त्याच्या नावाच्या चार ट्रॉफ्या होत्या आणि चारही क्लबातच होत्या, कारण घरातल्या शोकेसमध्ये थोरल्या भावाच्या, जीवनच्या, कबड्डीच्या ढाली होत्या. जीवनचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात, पण एके काळी त्याची चढाई बघायला पंचक्रोशी लोटायची. राहीबाई त्याचा एकही सामना चुकवत नसे. पदर खोचून पहिल्या रांगेत बसायची. सामना लांब गावी असला आणि जाता आलं नाही, तर जीवन दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच विचारायची, "जिकलास का?" खेळाबद्दल तिचा एवढाच प्रश्न असायचा. केसरीनाथला मात्र तिने तो कधीच विचारला नाही.

गावालाही का दोष द्यावा? क्रिकेटचा षटकार तीन शेतांपलीकडून दिसतो. कबड्डीत माती उडते, माणूस लंगडतो, त्याची बायको रडते, सगळं कळतं. आणि मुख्य म्हणजे तिथे काल्हेर विरुद्ध शेजारचं राहनाळ असतं, त्यामुळे ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही तोही घसा बसेपर्यंत ओरडतो. पूलमध्ये दोन माणसं इस्त्रीचे शर्ट घालून एका टेबलाभोवती फिरतात. एक खेळतो तेव्हा दुसरा खुर्चीत बसतो. ओरडायचं तर नाहीच, खोकायलाही चोरी. त्यातून या खेळाची एक खोड अशी की माणूस जेवढा तरबेज, तेवढं त्याचं खेळणं सोपं दिसतं. काठीने मारायचा तो पांढरा बॉल प्रत्येक वेळी नेमका हव्या त्या जागी थांबवला, की पुढचा फटका पोरासोरांनीही मारावा असा समोर येतो. बघणारा म्हणतो, यात काय मोठंसं? ही सगळी थांबवण्याची करामत आहे, हे केसरीनाथने एकोणीस वर्षांत शेकडो लोकांना समजावलं होतं. लोक मान डोलावून क्रिकेटचा स्कोअर विचारत.

वर क्लबाची बदनामी होती ती वेगळीच. गाळ्याच्या पुढच्या काचेला केसरीनाथने काळा कागद लावला होता. पश्चिमेचं ऊन थेट टेबलावर पडायचं, कापड विटायचं, म्हणून लावला. पण काळ्या काचेमागे चांगलं काही चालत असेल, यावर गावाचा विश्वास बसेना. आत जुगार चालतो, असं लोक खुशाल सांगत. आत खरं तर दुपारी गोदामातले दोन क्लार्क आणि एक इन्शुरन्स एजंट खेळत असत, आणि हरणारा सगळ्यांना लिंबू सरबत पाजत असे.

तर असं सगळं रखडत का होईना चाललं होतं. मग जीवनच्या मुलाने, दीपेशने, टर्फची गोष्ट काढली.

दीपेश पोरगा वाईट नव्हता. त्याला घरामागच्या जागेवर जाळी लावून, हिरवा गालिचा अंथरून बॉक्स क्रिकेटचं टर्फ करायचं होतं. ठाण्यापासून भिवंडीपर्यंत गल्लोगल्ली तीच टर्फं झाली आहेत, आणि सगळी भरलेली असतात. त्यासाठी क्लबाचा गाळा पाडावा लागणार होता. "नाना, तुमची टेबलं वरच्या मजल्यावर घेऊ की," तो म्हणाला. टेबलाच्या दगडाचं वजन स्लॅबला झेपणार नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. केसरीनाथने ते सांगितलं. दीपेश ओशाळला, पण टर्फचा नकाशा त्याने घडी करून खिशात ठेवला नाही.

जमीन राहीबाईच्या नावावर होती. सातबाऱ्यावर तिचं एकटीचं नाव, आणि घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, गावदेवीची जत्रा होऊ दे, हनुमान जयंतीला जेवायला सगळे बसाल तेव्हा काय ते सांगेन.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ तिच्या खाटेशी जाऊन बसला. एकदा येऊन बघ तरी, म्हणाला, आणि मग काय तो निर्णय दे.

"काचंला काला कागद लावलाय तिथं मी यायची न्हाय," राहीबाई म्हणाली. "चांगला खेल असता तर उघड्यावर असता."

केसरीनाथला राग आला आणि वाईटही वाटलं. चोपन्न वर्षांचा, अर्ध्याहून जास्त केस पांढरे झालेला माणूस, पण आईने आपला खेळ बघावा ही इच्छा काही वयाबरोबर जात नाही. त्याने ठरवलं, आई खेळाकडे येत नसेल तर खेळ आईकडे न्यायचा. उघड्यावर म्हणते ना? उघड्यावर तर उघड्यावर. जत्रेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर.

जत्रेच्या मंडळाने थोडे आढेवेढे घेऊन क्रिकेटच्या सेमीफायनलनंतरचा तास दिला. आता टेबल मांडायचं कुठे? यावर कुणाला विचारच करावा लागला नाही. आपल्याकडे जे महत्त्वाचं ते स्टेजवर. हळदीला नवरदेव स्टेजवर, सत्काराला पाहुणे स्टेजवर, एका वर्षी तर शर्यत जिंकलेला बैलही स्टेजवर चढवून त्याला शाल घातली होती. मांडववाल्याने पाच फूट उंच स्टेज बांधलं, खाली जादा टेकू दिले, दहा हमालांनी दगड वर चढवले. केसरीनाथने नवीन कापड ताणलं. झालर लागली, दिवे लागले. टेबल असं काही झळकत होतं की केसरीनाथला वाटलं, झालं आपलं काम.

राहीबाई आली. नऊवारीची चांगली घडी मोडून आली आणि पहिल्या रांगेत बसली. वाल्मीकबरोबर सामना सुरू झाला आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की खालून काहीच दिसत नाही. पाच फुटांचं स्टेज, त्यावर अडीच फुटांचं टेबल. खाली खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसत होते टेबलाचे पाय, खेळाडूंचे बूट, आणि ते वाकले की त्यांच्या पाठी. बॉल कुठे गेला, पडला की राहिला, काही पत्ता नाही. त्यात माइकवर भाविक होता. गावच्या क्रिकेटची कॉमेंट्री तोच करतो. त्याला सवय फलंदाजाला चेव आणायची, म्हणून केसरीनाथ नेम धरायला वाकला की हा नेमका गरजायचा, "आणि आता केसरीनाथ नाना काय करणार!" नाना दचकून चुकणार, हे उघड होतं. वीस मिनिटांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. लोक पाळण्यांकडे आणि भेळेकडे वळले. राहीबाई शेवटपर्यंत बसली, हे तिचे उपकारच म्हणायचे. उठताना ती एवढंच म्हणाली, "तुजी पाठ बरी दिसली रं."

ती चेष्टेने म्हणाली, पण केसरीनाथला ते लागलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि बायको निशा दोनदा बोलवायला आली तरी उठला नाही. दुसऱ्या दिवशी क्रिकेटची फायनल होऊन जत्रा संपली. हनुमान जयंतीला सहा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी तो जुन्या गोदामात गेला. नोकरी सुटली तरी तिथला मॅनेजर ओळखीचा होता आणि चहा अजून चांगला मिळायचा. दोघे फलाटावर उभे राहून चहा पीत होते. गोदामाचा फलाट ट्रकच्या हौद्याच्या तळाएवढा उंच असतो, आणि त्याला लागून ट्रक मागे लावायला जमिनीत खोल खाचा केलेला असतो, तीन बाजूंनी फलाट आणि चौथ्या बाजूने उतार. खाच्यात एक छोटा टेम्पो उभा होता, उघडा. केसरीनाथ वरून बघत होता. टेम्पोतले कापडाचे तागे त्याला एकूण एक दिसत होते. कुठला दबलाय, कुठला फाटलाय, मोजूनही झाले. तो चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. ज्या गोदामात त्याने ऐन तारुण्यातली पंधरा वर्षं काढली, तिथला हा खाचा त्याने रोज बघितला होता, आणि तरी टेबल स्टेजवर चढवलं होतं. स्वतःच्या अकलेची त्याला कीव आली.

मॅनेजरने रविवारी गोदाम वापरायला दिलं, त्या दिवशी भरणी-उतरणी बंद असते. वर पत्र्याची शेड होती, म्हणजे उन्हाचीही भीती नव्हती. केसरीनाथने सकाळपासून टेबल जोडायला घेतलं. खाच्याची जमीन उताराची होती, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून केलेली, त्यामुळे टेबलाचे दोन पाय प्लायवूडच्या चकत्यांवर चढवावे लागले. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून, मग पाणसळ लावून, मग कापडावर बॉल ठेवून तो हलत नाही ना हे बघून, दुपारी एकला त्याने टेबल सपाट केलं. ही त्याची खरी विद्या होती. भिवंडीपासून कल्याणपर्यंत कुठल्याही क्लबात टेबल तिरकं झालं की केसरीनाथला बोलावणं यायचं. वाल्मीक नेहमी म्हणायचा, तू खेळतोस बरा, पण सपाट करतोस फार चांगलं. केसरीनाथला हे कौतुक वाटत नसे.

चार वाजता लोक जमले. फार नाही, दीडएकशे असतील. जत्रेतल्या फजितीची पुन्हा मजा बघायला बरेच आले होते, आणि त्यात दीपेशही मित्रांना घेऊन आला होता. फलाटाच्या तिन्ही कडांवर लोक पाय सोडून बसले, मागे उभे राहिले. राहीबाईसाठी मधोमध प्लास्टिकची खुर्ची ठेवली. शेजारी पाण्याचा जार. भाविकला केसरीनाथने बजावलं होतं की माइक घे, पण कुजबुजायचं. भाविकने जन्मात कधी कुजबूज केली नव्हती, तरी त्याने ओठांवर हात धरून सुरुवात केली, आणि ती इतकी रंगली की लोक त्याच्यासाठीही गप्प बसले.

समोर वाल्मीक. पाच डावांचा सामना. पहिल्याच डावात केसरीनाथला वरून एक आवाज ऐकू आला, एकाच वेळी खूप माणसांनी श्वास सोडल्याचा. बॉल खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबला होता आणि ते दीडशे माणसांना दिसलं होतं. एकोणीस वर्षांत त्याच्या चुकलेल्या बॉलवर कुणी हळहळलं नव्हतं.

आई काय करते, हे बघायचा त्याला धीर होत नव्हता. एकदा चोरून बघितलं तर ती पुढे झुकून बसली होती, गुडघ्यावर कोपर टेकवून. जीवनच्या सामन्यात बसायची तशी. केसरीनाथने मनाशी पक्कं केलं की आज जिंकायचंच. आईला खेळातलं एकच कळतं, जिंकला की हरला. जिंकलो तर क्लब राहील.

दोन डाव त्याने घेतले, दोन वाल्मीकने. या खेळात आपले सात बॉल आधी घालायचे आणि मग काळा, जो काळा घालेल त्याचा डाव. पाचव्यात केसरीनाथचे सातही बॉल गेले होते आणि शेवटचा काळा तेवढा राहिला होता. वाल्मीकचा एक पिवळा आणि मग काळा. पाळी वाल्मीकची. पिवळा कोपऱ्याच्या खड्ड्याच्या रेषेत, पण पांढरा बॉल काळ्यासाठी जवळच थांबायला हवा, म्हणून फटका अगदी हळू मारायला हवा होता. वाल्मीकने तो तसाच मारला, जसा तो हजार वेळा मारत आला होता. पिवळा सरळ निघाला, खड्ड्याजवळ पोचता पोचता अंग चोरून बाजूला वळला आणि काठाला टेकून थांबला. वरून पुन्हा तो श्वास सुटला. वाल्मीक खुर्चीत जाऊन बसला.

काळा केसरीनाथच्या समोर होता. खड्ड्यापासून वीतभर. डोळे मिटूनही पडला असता. तो वाकला, काठी लावली, भाविकची कुजबुजही थांबली.

"बॉल न्हाय चुकला त्याचा," वरून राहीबाई म्हणाली. "टेबल उतरतंय त्या अंगाला."

काही लोक हसले. दीपेशने आजीला हळूच सांगितलं, फटका मारताना बोलायचं नसतं. केसरीनाथ वाकलेलाच राहिला. त्याला पहिल्यांदा आला तो संतापच. भिवंडी ते कल्याण ज्याच्या हातच्या टेबलावर कुणी बोट ठेवलं नाही, त्याला त्याची ऐंशी वर्षांची आई, जिने आयुष्यात पहिल्यांदा हे टेबल धड बघितलंय, भर सामन्यात चूक दाखवते? आणि मग त्याला आठवलं की राहीबाईचं माहेर खाडीपलीकडच्या मिठागरावरचं. नवव्या वर्षापासून लग्नापर्यंत तिने वडिलांच्या, म्हणजे आबाच्या, हाताखाली मिठाचे वाफे पायांनी तुडवून सपाट केले होते. वाफा बोटभर तिरका झाला तर पाणी एका कडेला साचतं आणि दुसरीकडे चिखल उघडा पडतो. तिथे नळी नव्हती की पाणसळ नव्हती. नजर होती आणि तळपाय होते.

काळा मारला असता तर सामना संपला असता. कुणी काही म्हटलं नसतं, वाल्मीकने तर नाहीच. केसरीनाथने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि खिशातून एक जादा बॉल काढला. तो त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. बॉल क्षणभर थांबला, मग हळूच, अगदी लाज वाटल्यासारखा, वाल्मीकच्या पिवळ्याच्या बाजूने चालू लागला.

वरच्या जारची तोटी ठिबकत होती. फलाटाच्या कडेवरून पाणी खाली, बरोबर त्या पायाच्या चकतीवर. ओलं प्लायवूड दगडाच्या वजनाने चेपलं होतं. केसरीनाथने वर बघून सगळ्यांना सांगितलं की टेबल तिरकं झालंय, ते आधी नीट करतो, मग वाल्मीक तोच फटका परत मारेल. असा कुठला नियम नाही, वाल्मीक खुर्चीतून म्हणाला, खेळात झालं ते झालं. केसरीनाथ म्हणाला, टेबल माझं आहे. त्यावर वाल्मीक उठला आणि खडू घेऊन टेबलाशी आला.

पुढची वीस मिनिटं काल्हेरच्या दीडशे लोकांनी जे बघितलं तसं टीव्हीवर दाखवत नाहीत. वाल्मीकच्या फटक्याआधी कुठला बॉल कुठे होता ते आठवून दोघांनी खडूने खुणा केल्या आणि बॉल उचलले. जारची तोटी दीपेशने घट्ट केली. चार हमालांनी टेबलाचा कोपरा उचलून धरला, केसरीनाथने पालथं पडून ओली चकती काढली आणि कोरडी सरकवली. नळी आणि पाणसळ केसरीनाथ दुपारी जेवायला गेला तेव्हा घरी ठेवून आला होता. दीपेश आणायला धावणार तेवढ्यात राहीबाईने त्याला हाताने थांबवलं आणि खुर्ची फलाटाच्या अगदी कडेला ओढायला लावली.

"अजून," ती म्हणाली. केसरीनाथने पातळ पट्टी सरकवली. "अजून बारीक. उजव्या पायाला. हां. जास्ती झाला, काढ." तो टेबलाखाली पडून ऐकत होता, वर आईचा आवाज आणि मधे सगळं शांत. "आता बस. ऱ्हाऊ दे."

त्याने बॉल ठेवला. बॉल जिथल्या तिथे राहिला. आणि गंमत बघा, सगळ्या सामन्यात पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या न हललेल्या बॉलला पडल्या.

खुणांवर बॉल परत मांडले. वाल्मीकने तोच फटका तसाच हळू मारला, आणि पिवळा वळला नाही. मग त्याने काळाही घातला. सामना त्याचा झाला. दोघांनी हात मिळवले, वाल्मीक म्हणाला, "बरं आहे," आणि भाविक शेवटी एकदाचा ओरडला. लोक खाली उतरून टेबलाला हात लावून बघायला लागले. केसरीनाथ हसत होता, लोकांशी बोलत होता, पण आतून त्याचा धीर सुटला होता. आईसमोर हरलो, क्लब गेला, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. राहीबाईला निशाने हात धरून घरी नेलं. जिंकलास का, हे तर विचारायची गरजच नव्हती.

बुधवारी हनुमान जयंतीला सगळे जेवायला बसले. केसरीनाथ पुरणपोळीचे नुसते तुकडे करत होता. राहीबाईने भात कालवता कालवता दीपेशला सांगितलं की बायपासकडच्या पडीक तुकड्यावर कर तुझं टर्फ, तिथं भराव टाकावा लागेल, आणि भराव सपाट झाला का ते नानाला दाखव, कंत्राटदारावर सोडू नको. दीपेशने नकाशा ताटाशेजारीच उलगडला. तो नाराज दिसला नाही. टर्फला पुढे रस्ता लागणार, हे त्याने लगेच ओळखलं होतं. मग ती केसरीनाथकडे वळली.

"काचंचा काला कागद काढ," ती म्हणाली. "उन्हाला परदा लाव."

त्याने त्याच दुपारी कागद खरवडून काढला. निशाने जुन्या साडीचा पडदा शिवला, जो उन्हाच्या वेळेपुरता ओढायचा.

क्लबात गर्दी काही लोटली नाही, खोटं कशाला सांगा. पुढच्या आठवड्यात तीन नवीन पोरं आली, त्यातली दोन टर्फ सुरू झालं की तिकडे जातील हे केसरीनाथलाही कळत होतं. रविवारी दीपेशकडे टर्फ व्हायच्या आधीच बारा संघांची नावं आली आणि क्लबात पुन्हा ते दोन क्लार्क आणि इन्शुरन्स एजंट. खेळ लहानच राहिला. पण काच उघडी झाल्यामुळे एक गोष्ट झाली, की आतून आईचा ओटा दिसायला लागला आणि काच सरकवून ठेवली की तिकडचं बोलणंही ऐकू यायला लागलं.

वैशाखात राहीबाईच्या माहेरची गुणाबाई हळदीची पत्रिका घेऊन आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि घरोघर विचारतात तसं तिने विचारलं, धाकटा काय करतो हल्ली. केसरीनाथ टेबलावर वाकून ब्रश मारत होता. त्याचा हात थांबला.

"पूल खेलतो," राहीबाई म्हणाली. "परवा हरला." मग तिने क्लबाकडे बघितलं. "पर वाफा सपाट ठेवतो, बाय. आपल्या आबासारखा."